किल्लीबाईंचे त्रेचाळीस फोन

एका मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला, मी एका बटणासरशी आमच्या कंपनीचे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फोन हरवले.

हरवले म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात ते आपापल्या माणसांच्या खिशात, पट्ट्याला, हातात अगदी सुखरूप होते. खरा बेपत्ता होता तो एकटा माझा. तो शोधायला म्हणून मी कॉम्प्युटरवरच्या यादीत माझ्या नावापुढे खूण करायला गेलो आणि खूण केली ती यादीच्या डोक्यावरच्या, सगळ्यात पहिल्या चौकोनात. पहिला चौकोन आपला, असं मला का वाटावं? शाळेपासून कुठल्याही यादीत माझं नाव शेवटून तिसरं असतं! तर तो चौकोन होता 'सगळे' असा. त्याच्या खाली लाल बटण, 'हरवला'. मी दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, नक्की. इतक्या ठामपणे मी लग्नालासुद्धा होकार दिला नव्हता.

पुढच्या क्षणी माझी खुर्ची किंचाळायला लागली. मी उडालो. गादी उचलून बघतो तर खाली माझा फोन! म्हणजे ज्या कामासाठी बटण दाबलं ते काम चोख झालं होतं. मी समाधानानं मान डोलावतोय तोवर शेजारच्या खोलीतून तशीच किंकाळी आली. मग वरच्या मजल्यावरून. मग खालच्या अंगणातून. मग मी यादीचा मथळा वाचला.

हे 'हरवला' प्रकरण काय आहे ते सांगितलं पाहिजे. ते बटण दाबलं की फोन जागच्या जागी बंद पडतो. आवाज बंद करून ठेवला असला तरी गळा काढून ओरडतो. आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकतं: 'हा फोन हरवला आहे. ज्यांना सापडला त्यांनी कृपया या क्रमांकावर कळवावे.' क्रमांक कुठला, तर मी बसलो होतो त्याच टेबलावरच्या फोनचा. आणि ते टेबल माझं नव्हतं. ते किल्लीबाईंचं होतं.

आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. शहरातल्या तीनशे अकरा इमारतींच्या लिफ्ट आमच्या गळ्यात आहेत. मी तिथे लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहितो. दिलगिरी व्यक्त करण्याच्या चौदा तऱ्हा माझ्याकडे तयार असतात. किल्लीबाई म्हणजे आमच्या किल्ल्यांच्या बाई. पूर्वी प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली बाईंच्या फळ्यावर खिळ्याला टांगलेली असायची. तीनशे अकरा खिळे. सतरा वर्षं बाईंनी तो फळा असा सांभाळला की मेकॅनिक लोक म्हणायचे, बाई झोपेतसुद्धा खिळे मोजतात. किल्ली नेताना मेकॅनिकनं आपला पितळी बिल्ला त्या खिळ्याला अडकवायचा, आणताना बिल्ला परत घ्यायचा. बिल्ला नाही तर किल्ली नाही. एकदा खुद्द साहेब बिल्ल्याशिवाय किल्ली मागायला आले. बाईंनी त्यांच्या हातातलं घड्याळ काढून घेऊन खिळ्याला टांगलं. साहेबांनी ते अजून मनात ठेवलंय.

मग इमारतींना आकड्यांची कुलपं आली. आकडे, खोल्यांचे फोटो, तारांचे नकाशे, सगळं मेकॅनिकांच्या फोनमध्ये गेलं आणि एका महिन्यात फळा रिकामा झाला. ऑफिसात सगळे बाईंकडे निरोपसमारंभाच्या नजरेनं बघायला लागले. मीही भाषणाचे दोन मुद्दे काढून ठेवले होते. बाई साहेबांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "किल्ल्या कुठे गेल्या? फोनमध्ये गेल्या. मग मीही फोनकडे जाते."

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी बाई फोन सांभाळण्याचा अभ्यास करायला लागल्या. घरी त्यांचे यजमान आहेत, घड्याळं दुरुस्त करतात. जन्मभर भिंग डोळ्याला लावून बसलेला, महिन्यात चार वाक्यं बोलणारा माणूस. पण तीन महिने ते जेवताना बाईंची उजळणी घेत होते. "सार्वजनिक वायफायवर काय उघडू नये?" "काहीच." "ओळख नसलेली लिंक आली तर?" "हात लावू नये." "आमटी वाढू का?" "आधी पुढचा प्रश्न." आता त्यांचा स्वतःचा फोनही महिन्यातून एकदा तपासला जातो. "संशयावरून नाही हो," बाई म्हणतात, "अपडेटसाठी."

बाईंनी फोनांना शिस्त लावली ती किल्ल्यांचीच. दर शनिवारी सकाळी सगळे मेकॅनिक रांगेत. टेबलावर पांढरी चादर अंथरलेली. एकेक फोन उताणा ठेवायचा. बाई चष्मा नाकावर घेऊन तो उलटापालटा करणार, काचेवरचा तडा बोटानं चाचपणार, नाकाशी धरून वाससुद्धा घेणार.

"ग्रीसचा वास येतोय. पुन्हा हत्यारांच्या पिशवीत टाकलात?"

"नाही बाई, शपथ."

"फोन खोटं बोलत नाही. पुढचा!"

पुढचा येई तो पोरांच्या खेळांनी भरलेला. "हे रंगीत गोळे फोडणं कुणाचं?"

"धाकटीचं, बाई. रडते हो, दिला नाही तर."

"माझ्याकडे पाठवा तिला. रडणं मी थांबवते. चाळीस इमारतींचे आकडे आहेत यात, आणि तुमची धाकटी तिथे गोळे फोडते!"

फोन उघडायचा आकडा मात्र बाई प्रत्येकाला स्वतः ठरवायला लावत. फक्त नियम पक्के. एक-दोन-तीन-चार नाही. जन्मतारीख नाही. आमच्यातल्या एका तरतरीत मेकॅनिकनं विचारलं, "लग्नाची तारीख चालेल का?"

"चालली असती," बाई म्हणाल्या, "पण तुम्हाला ती आठवणार कशी?"

आणि एवढं सगळं करून बिल्ल्याची पद्धत चालूच! रोज सकाळी निघताना मेकॅनिकनं आपण जाणार त्या इमारतीच्या खिळ्याला बिल्ला अडकवायचा. किल्ल्या नाहीत, तरी बिल्ले. पोरं कुरकुरायची. "बाई, फोनमध्ये तुम्हाला दिसतंच ना आम्ही कुठे ते?" बाई म्हणायच्या, "दिसतं. लावा बिल्ला."

आता त्या मंगळवारची भानगड. त्याच दुपारी तीन वाजता साहेबांकडे बाहेरच्या एका कंपनीचे दोन टायवाले येणार होते. फोनांचा सगळा कारभार त्यांना द्यायचा आणि बाईंना तळघरातल्या गोदामात नटबोल्ट निवडायला बसवायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. साहेबांना रांगेत उभं राहून फोन तपासून घ्यायचा कंटाळा आला होता, हे त्याचं मूळ. घड्याळाचंही थोडं असावं. बाईंना सगळं माहीत होतं. त्यांनी चादर धुऊन इस्त्री करून आणली होती आणि तीनशे अकरा इमारतींची टाचणं पाठ केली होती. साहेबांनी तीन वाजता दहा मिनिटं बोलायची परवानगी दिली होती. त्या दहा मिनिटांवर बाईंचं सगळं काही टांगलेलं होतं.

आणि नेमकी सकाळी त्यांची अक्कलदाढ ठणकायला लागली. गाल असा सुजला की डाव्या बाजूनं बाई वेगळ्याच कुणीतरी दिसत होत्या. डॉक्टरनं सव्वाअकराची वेळ दिली. नऊ वर्षांतली बाईंची ही पहिली रजा, तीही दोन तासांची.

"या टेबलावर तुम्ही बसा," बाई मला म्हणाल्या. मी का? तर मी दिवसभर जागेवर सापडतो म्हणून. "कुणाचा फोन हरवल्याचा निरोप आला तर दहा मिनिटांत बंद झाला पाहिजे. एक नाव, एक खूण, एक बटण. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

"बाई, तुम्ही निश्चिंत जा," मी म्हणालो.

त्या गेल्या आणि पंधरा मिनिटांत मला माझा फोन दिसेना. झालं.

चूक कळल्यावर शांत डोक्याच्या माणसानं काय केलं असतं? त्याच पडद्यावर 'सापडला' असं हिरवं बटण होतं, ते दाबलं असतं. मी घाबरून कॉम्प्युटरच बंद केला. आमच्या घरी टीव्हीपासून मिक्सरपर्यंत सगळं बंद करून पुन्हा चालू केलं की ताळ्यावर येतं. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि अदबीनं म्हणाला: 'आत येण्यासाठी तुमच्या फोनवर पाठवलेला आकडा लिहा.' तुमच्या म्हणजे बाईंच्या. आणि बाईंचा फोन मी नुकताच हरवला होता. कुलूप लावून किल्ली आत टाकणं म्हणतात ते हेच.

इतक्यात टेबलावरचा फोन वाजला.

"हॅलो, तुमचा फोन सापडलाय. म्हणजे सापडला असं नाही. एका माणसाच्या हातात आहे. तो म्हणतो फोन माझाच. फोन म्हणतो मी हरवलोय. मी कुणाचं खरं मानू?"

"माणसाचं! माणसाचं माना," मी ओरडलो.

"असं कसं? फोनला खोटं बोलून काय मिळणार?"

एवढ्यात दुसरा. एक आजीबाई कुजबुजत होत्या, "मी आमच्या जिन्यातून बोलतेय. लिफ्टच्या वर एक चोर बसलाय. त्याच्या खिशातून तुमचा फोन ओरडतोय. मी खालून लिफ्टचं दार धरून ठेवलंय, तुम्ही या."

तिसरा ग्रंथालयातून. ते गृहस्थ इतक्या हळू बोलत होते आणि मागे फोन इतक्या जोरात ठणाणत होता की त्यांचं एकच वाक्य मला कळलं: "इथे शांतता पाळायची असते."

मी चौदाच्या चौदा दिलगिऱ्या वापरल्या. चौदावीनंतर पुन्हा पहिलीवर आलो. फोन ठेवला की वाजे, उचलला की शहराच्या नव्या कोपऱ्यातून कुणीतरी सज्जन माणूस आमचा फोन आमच्याच माणसाच्या हातातून वाचवत असे. इतके प्रामाणिक लोक एका शहरात राहतात हे मला त्या दिवशी कळलं आणि त्याचा अतोनात संताप आला.

पावणेबाराला दातांच्या डॉक्टरांचा आवाज आला. "एक बाई माझ्या खुर्चीत आहेत. यांच्या पिशवीत तुमचा हरवलेला फोन सापडलाय. दाढ काढलीये, तोंडात कापूस आहे, त्यामुळे त्यांना काही बोलता येत नाही." थोडं थांबून ते खालच्या आवाजात म्हणाले, "पण डोळे फार बोलतायत. काय करू?"

"सोडा त्यांना," मी म्हणालो.

"सोडू? मी धरलंय कुठे! त्यांनीच माझी बाही धरलीये."

साडेबाराला बाई दारात उभ्या. अर्धा चेहरा बधिर, गाल लिंबाएवढा, ओठ एका बाजूला गळलेला, पिशवीत फोन अजून ओरडतोय. मी उभा राहिलो. काय झालं ते सांगायला सुरुवात केली, तर बाईंनी हात वर केला, टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: 'किती?'

"सगळे," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. उघडले. लिहिलं: 'साहेबांचासुद्धा?'

उत्तर वरच्या मजल्यावरून आपोआप आलं. साहेबांचा फोन किंचाळत होता आणि त्याच्यावर साहेब किंचाळत होते.

एखाद्यानं रडारड केली असती. किमान माझी मानगूट धरली असती. मी त्या तयारीनं मान थोडी पुढे केलीही होती. बाईंनी चष्म्याचं घर उघडलं, आतलं मखमली कापड सोडवलं आणि त्याखालून एक कागद काढला. उभा कापलेला, अर्धा. त्यावर आकडे, पण अर्धेच. फोन हाताशी नसला तरी आत जाता यावं म्हणून अडीनडीचे आकडे असतात, ते बाईंनी लिहून काढून कागद मधोमध फाडला होता. डावा अर्धा त्यांच्याकडे. उजवा मामांकडे.

मामा म्हणजे आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. किल्ल्यांच्या काळी मोठ्या कपाटाला दोन कुलपं असायची, एकाची किल्ली बाईंकडे, दुसऱ्याची मामांकडे. कुणा एकट्याला ते कपाट उघडता येऊ नये म्हणून. बाईंनी तेच इथेही केलं होतं. आता प्रश्न एवढाच की मामा कुठे आहेत? त्यांचा फोन बंद, आमचा कॉम्प्युटर बंद.

बाई सरळ फळ्याकडे गेल्या. मामांचा बिल्ला दोनशे सहा नंबरच्या खिळ्याला लटकत होता.

मी टेबलावरून त्या इमारतीच्या वॉचमनला फोन लावला. "आहेत ना," वॉचमन म्हणाला, "मीच कोंडून ठेवलंय. चोरीचा फोन सापडला त्यांच्यापाशी."

"त्यांना द्या जरा! बाई, मी मामांना आकडे विचारून घेतो, दोन मिनिटांत..."

बाईंनी माझ्या हातातला रिसीव्हर काढून जागेवर ठेवला आणि कागदावर इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं: 'आकडे फोनवर सांगायचे नाहीत. कधीही नाहीत. शनिवारी काय ऐकता?' मग मोडक्या टोकानं खाली: 'स्कूटर काढा.'

स्कूटरवर बाई मागे बसल्या. मला वाटलं होतं, वाटेत कानाशी काहीतरी ऐकायला मिळेल. पण कापसामुळे "उं" याखेरीज काही येईना. डावीकडे वळायचं असलं की त्या माझा डावा खांदा दाबत, उजवीकडे असलं की उजवा, आणि मी हळू चालवतोय असं वाटलं की दोन्ही. शहरभर आमचे फोन ओरडत होते. एका चौकात सिग्नलला थांबलो तर शेजारच्या दुकानापुढे गर्दी. मध्ये आमचा तो लग्नाच्या तारखेवाला मेकॅनिक, हातात बोंबलणारा फोन, अंगावर कंपनीचा गणवेश. चार जण त्याला तो गणवेश कुठून चोरला ते विचारत होते. बाईंना बघून त्यानं हात जोडले. "बाई, सांगा ना यांना!" बाईंनी "उं" केलं. त्या "उं"मध्ये काय होतं कोण जाणे, चारही जण दोन पावलं मागे सरले.

दोनशे सहा नंबरच्या इमारतीत मामा वॉचमनच्या खोलीत चहा घेत बसले होते. कोंडलेल्या माणसाची काही कळा नव्हती. वॉचमनचा टेबलफॅन बंद होता तो त्यांनी मधल्या वेळात दुरुस्त केला होता.

"या बाई," मामा म्हणाले. "दाढ काढली वाटतं? बरं झालं, फार दिवस त्रास देत होती."

"मामा, तुमच्याकडचा कागद द्या लवकर," मी म्हणालो. "तीनला मीटिंग आहे, दीड वाजलाय!"

मामांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "आधी बाईंनी आपला अर्धा दाखवायचा."

"अहो, या समोर उभ्या आहेत! वीस वर्षं ओळखता तुम्ही यांना!"

"ओळखतो की. म्हणून तर." मामा शांतपणे म्हणाले. "यांनीच सांगितलंय, मी स्वतः येऊन मागितला तरी अर्ध्याशिवाय अर्धा द्यायचा नाही. शिवाय आज तोंडही अर्धंच यांचं दिसतंय."

मी बाईंकडे पाहिलं. आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या चेहऱ्याची जी बाजू जिवंत होती ती हसली. अशी हसली की बधिर बाजूसुद्धा तिच्या मागोमाग थोडी ओढली गेली. त्यांनी चष्म्याचं घर उघडून आपला अर्धा पुढे केला. मामांनी टोपी काढली, अस्तराची शिवण दातानं तोडली आणि आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला दुसरा अर्धा काढला. ती शिवण बाईंच्याच हातची होती. दोन्ही अर्धे वॉचमनच्या टेबलावर काठाला काठ लावून ठेवले. जुळले. वॉचमन वाकून बघायला लागला तसं बाईंनी त्यावर पदर टाकला.

मामांना सोडायला वॉचमन सहजी तयार होईना. "फोन अजून म्हणतोय हरवलाय." शेवटी बाईंनी एक पावती लिहून दिली: 'एक मामा, चालू स्थितीत, मिळाले.' तेव्हा कुठे सुटका झाली.

आम्ही ऑफिसात पोचलो तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. टायवाले वेळेवर येऊन साहेबांच्या खोलीत बसले होते. भिंतीवर त्यांची रंगीत चित्रं पडत होती, आणि साहेबांचा फोन कपाटात, दोन उशांच्या मध्ये कोंबून ठेवलेला, तरीही ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. बाईंची दहा मिनिटं, चादर, टाचणं, सगळ्यावर पाणी. आणि ते मी ओतलेलं.

"या," साहेब म्हणाले. त्या एका अक्षरात घड्याळापासूनचं सगळं होतं. "दुपारपासून माझी कंपनी गावभर बोंबलतेय. बोला, काय म्हणायचंय?"

बाई बोलू शकत नव्हत्या. त्यांनी टायवाल्यांच्या शेजारची खुर्ची ओढली, साहेबांचा कॉम्प्युटर उघडला, पदराआड दोन अर्धे जुळवले, आकडा लिहिला आणि हिरवं बटण दाबलं.

कपाटातला आवाज बंद झाला. मग खालच्या मजल्यावरचा. मग अंगणातला. मग इतकी शांतता पसरली की सगळ्यांना आपण मोठ्यानं बोलत होतो हे कळलं.

साहेबांनी टायवाल्यांकडे वळून विचारलं, "समजा, असं तुमच्याकडे झालं असतं तर?"

"सर, आमच्याकडे असं होणारच नाही," थोरला म्हणाला.

"पण समजा झालं."

"तर तक्रार नोंदवायची. लगेच नोंदणी क्रमांक मिळतो." धाकट्यानं उत्साहानं चित्र पुढे सरकवलं. "आणि कामाच्या दोन दिवसांत आमचा प्रतिनिधी आपल्याला संपर्क करतो."

"कशावर?" साहेबांनी विचारलं.

"आपल्या फोनवर, सर."

धाकट्याला आपण काय बोललो ते कळायला चार-पाच सेकंद लागले. थोरल्याला लगेच कळलं होतं. तो चित्रांचं यंत्र बंद करत होता.

साहेबांनी उठून कपाटातल्या उशांमधून आपला फोन काढला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "साडेतीन तास. त्रेचाळीस फोन वॉचमनच्या, दुकानदारांच्या, कुणाकुणाच्या हातात. किती उघडले?"

बाईंनी पडद्यावरची यादी त्यांच्याकडे फिरवली. मीही डोकावलो. उघडायचा प्रयत्न: एकशे सदुसष्ट वेळा. उघडले: शून्य. त्या एकशे सदुसष्टातले एकतीस साहेबांचे स्वतःचे होते.

"हे केलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण बाईंची पेन्सिल माझ्या आधी कागदावर होती. त्यांनी लिहिलं: 'माझ्या टेबलावरून झालं. चूक माझी.' आणि कागद साहेबांपुढे सरकवून हात मांडीवर ठेवून बसल्या.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. घडी केली. खिशात ठेवला. "गोदामात दुसरं कुणीतरी बघू," ते म्हणाले. मग जरा खाकरून, टायवाल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "शनिवारी किती वाजता असते हो तुमची ती रांग?"

पाच वाजता ऑफिस रिकामं होत आलं होतं. शहरभरचे चोर एकेक करून परत येऊन फळ्यावरचे बिल्ले काढून घेत होते, मला शिव्या देत होते आणि बाईंना गालाला लावायला बर्फ देत होते. बाईंच्या टेबलावर इतका बर्फ जमला की इस्त्रीची चादर भिजली. मामा टोपी उसवलेली म्हणून उन्हात डोकं पोळल्याची तक्रार करून गेले. बाईंनी टोपी ठेवून घेतली.

मी घोटाळत होतो. दिलगिरीच्या चौदा तऱ्हांतली एकही इथे बसेना. बाई टोपीच्या अस्तरात सुई घालत होत्या. गालाची सूज उतरली होती, कापूस काढून टाकला होता, आणि ओठ जागेवर आल्याचं त्या मधूनमधून बोटानं चाचपून बघत होत्या. दाढ काढल्यापासून माणसासारखं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"बाई," मी म्हणालो, "तुमची नोकरी जायची वेळ आली होती. माझं नाव एकदा घेतलं असतंत तर सुटला असतात. तरी सगळं स्वतःवर घेतलंत. साहेबांना 'चूक माझी' असं का सांगितलंत तुम्ही?"

बाईंनी दोरा दातानं तोडला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "टेबल तुमच्या हाती दिलं, ती चूक माझीच की."